हात फिरविण्यापूर्वी

आमच्या घरात देवघरातील उपकरणी उजळण्याचे काम पुरुषांकडे असे. ज्याच्याकडे पूजा, त्याच्याकडेच समया, निरांजने, घंटा आणि चांदीचे मुखवटे पुसण्याची जबाबदारी, असा वडिलांचा दंडक होता. मुंज झाली त्या वर्षी त्यांनी आमच्या हाती चिंचेचा गोळा, चाळलेली राख आणि एक धुवट फडके दिले, आणि अंत्रुज महालातील त्या जुन्या घराच्या ओटीवर बसून आम्ही पितळेला सोन्याची कळा आणू लागलो. आमचा उत्साह दांडगा. मुखवट्यावर आमचा हात जोराने फिरू लागला की आजी दारात उभी राहून म्हणे, "हळू पूस रे, देवाक दुखतलें." देवाला दुखते हे त्या वयात खरे वाटे, म्हणून आम्ही हात आवरीत असू. पुढे वय वाढले, शहाणपण आल्यासारखे वाटू लागले आणि हातही मोकळा झाला. आजीच्या त्या वाक्याचा अर्थ लागण्यास मात्र पासष्टी उलटावी लागली. आणि तोही देवघरात नव्हे, तर हैदराबाद शहरातील कुकटपल्ली नामक वस्तीत, मोटारींच्या एका दुकानात लागला. ती हकिकत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हैदराबादेस असतात. निवृत्तीनंतर वर्षातले सहासात महिने आम्ही उभयता त्यांच्याकडे राहतो. मुलाच्या बिऱ्हाडात निवृत्त बापाची जी अवस्था होते, ती ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगावयास नको. दूध आपोआप दारात येते, भाजी आपोआप घरात येते, विजेचे बिल टेलिफोनवर बोट टेकताच भरले जाते. सून सुशील आहे, ती म्हणते, "बाबा, तुम्ही बसा." मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा." नातूही आता तेच म्हणू लागला आहे. प्रत्येक घरात एखादे माणूस असे असते की ज्याच्यावाचून कुणाचे काहीच अडत नाही. चौथ्या मजल्यावरील त्या घरात ते माणूस आम्ही होतो.

अशा स्थितीत आम्हाला खाली उभी असलेली गाडी सापडली. मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली ती पहिली गाडी. रंगाने गडद निळी, सावलीत पाहिली तर काळीच वाटावी अशी. मागच्या काचेवर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न'. तिच्यावर रोज सकाळी धुळीचा पातळ थर बसलेला असे. एके दिवशी आम्ही जुन्या पंचाचा एक तुकडा घेऊन खाली उतरलो आणि ती धूळ पुसून काढली. गाडी लखलखली. मुलगा कचेरीला निघाला तेव्हा त्याने गाडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि तो हसला. झाले! त्या दिवसापासून पहाटे सहाला उठून गाडी पुसणे हे आमचे नित्यकर्म झाले. देवपूजा त्यानंतर. ऊन असो, पाऊस असो, जवळजवळ दोन वर्षे आम्ही त्या नेमात खंड पडू दिला नाही.

आता त्या धुळीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या अपराधात तिचा अर्धा वाटा आहे. कुकटपल्ली हे एके काळी हैदराबादच्या वायव्येला वसलेले गाव; आज ते शहरात पूर्णपणे विरघळून गेले आहे. गृहनिर्माण मंडळाची अवाढव्य वसाहत, तिच्याभोवती उठलेल्या उंच इमारती, आणि मधून जाणारा तो हमरस्ता, जो पश्चिमेस जहीराबादवरून आपल्या सोलापूर-पुण्याकडे जातो. २०१७ च्या नोव्हेंबरात याच रस्त्याच्या माथ्यावरून मेट्रो रेल्वे धावू लागली. बांधकाम येथे कधी थांबत नाही, आणि ज्या जमिनीवर ते चालते ती जमीन म्हणजे ग्रॅनाइटचा पाषाण, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. शहरात जागोजागी एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे प्रचंड गोलाकार धोंडे दिसतात, ते याच पाषाणाचे. सुरुंग लावून, यंत्रांनी फोडून, कापून आणि दळून त्याची जी पूड हवेत उडते तीच पहाटे गाड्यांवर येऊन बसते. या पाषाणात गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी ही पोलादी चाकूपेक्षाही कठीण. आम्ही मात्र तिला साधी धूळ समजत होतो.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. अनंत चतुर्दशी झाली होती. आयडीएल तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकांचे ढोल नुकतेच थांबले होते. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. दसऱ्याला गाडीची पूजा व्हावयाची, तेव्हा तत्पूर्वी तिचा रंग नीट करून घ्यावा असे मुलाने ठरविले. या कामाला तेथे 'पेंट करेक्शन' म्हणतात. आम्ही प्रथम मनाशी त्याचे भाषांतर 'रंगाची दुरुस्ती' असे केले. पण रंग उडाला नव्हता की फुटला नव्हता, मग दुरुस्ती कशाची? आमच्या मते गाडी आरशासारखी होती. तरीही "चला बाबा, तुम्हालाही पाहायला मिळेल," असे तो म्हणाला आणि आम्ही त्याच्याबरोबर निघालो. खरे म्हणजे दोन वर्षांच्या आमच्या सेवेचे कुणीतरी जाणकार माणूस कौतुक करील, अशी एक चोरटी आशाही मनात होती.

दुकान मुसापेटच्या बाजूला एका गल्लीत होते. तेथला मुख्य कारागीर तिशीचा, नांदेड जिल्ह्यातला, देगलूरकडचा. त्यामुळे मराठी बोलणारे माणूस भेटल्याचा आनंद दोन्हीकडे झाला. त्याने आमचे 'काका' म्हणून स्वागत केले, बसावयास खुर्ची दिली आणि चहा मागविला. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतली गेली. मग ती आतल्या खोलीत नेऊन त्याने दरवाजा ओढला, दिवे मालविले आणि हातातला एक प्रखर दिवा बॉनेटसमोर धरला.

वाचकहो, जे दिसले ते पाहून आमचा चहा तसाच राहिला. त्या निळ्या आरशावर कोळ्याने जाळे विणावे तशा हजारो बारीक, चकाकणाऱ्या, गोलाकार रेषा उमटल्या होत्या. दिवा सरकला की जाळेही सरके. बॉनेट, छप्पर, दरवाजे, एक वीतभर जागा त्यातून सुटली नव्हती. पुढे त्याने समजावून सांगितले की या रेषा वस्तुतः गोल नसतात. त्या सर्व दिशांना पसरलेल्या सरळ-वाकड्या चऱ्याच असतात. पण त्यांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. हे ऐकताच आम्हाला आमच्या घरचे ताम्हन आठवले. त्यात निरांजन ठेवले की ज्योतीभोवती असेच गोल वलय उमटत असे, आणि लहानपणी ते आम्ही देवाचे तेज समजत होतो!

कारागीर दिवा खाली ठेवून म्हणाला, "साहेब, ही गाडी रोज कोण पुसतं?"

खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. आम्ही तोंड उघडणार, इतक्यात मुलगा घाईघाईने म्हणाला, "आमच्या इमारतीतला एक पोऱ्या पुसतो."

"कोरड्या फडक्यानं?"

"हो."

"त्याला आजच बंद करा. वाळूच्या कागदानं घासल्यासारखं झालंय. आणि त्याच्या हातात कडंबिडं असंल." असे म्हणून त्याने डाव्या दरवाज्यावरची एक लांब चरी दाखविली. तिच्यावरून नख फिरविले तर अडकत होते.

आमच्या उजव्या हातात वडिलांची अंगठी आहे. तो हात आम्ही हळूच सदऱ्याच्या खिशात घातला. त्या वेळी आम्ही गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. बापाची लाज राखण्यासाठी मुलगा खोटे बोलला होता; ते उघडे पाडून त्याला खाली पाहावयास लावावे की आपली लाज राखली गेली तशीच राहू द्यावी, याचा निर्णय त्या घटकेला झाला नाही. मुलगा कचेरीला निघून गेला. "मी येथेच बसून पाहीन," असे सांगून आम्ही दिवसभर त्या दुकानात बसलो. अपराध्याने आपल्या गुन्ह्याची चौकशी प्रेक्षकांत बसून पाहावी, तसा तो प्रकार होता.

कारागीर आमच्याशी बोलत बोलत काम करीत होता, आणि त्याचे बोलणे कामाइतकेच नेमके होते. आजच्या गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक थर, ज्याला ते 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सारे मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉनांच्या दरम्यान भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या चकाकीवर आपण इतके भाळतो, तो वरचा पारदर्शक थर एका केसापेक्षाही पातळ! सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. तो फार झिजला की दख्खनच्या उन्हात त्याच्या पापुद्र्या सुटतात, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्याने एक लहानसे मापकयंत्र गाडीवर ठिकठिकाणी टेकवून आकडे लिहून घेतले. ११८, १२१, ११६. बॉनेटच्या एका कडेला मात्र आकडा ८७ आला. "इथं आधी कुणीतरी जोर केलाय," तो म्हणाला. पूर्वी कुठल्याशा दुकानात तेथला एक डाग काढून घेतला होता, ते आम्हाला आठवले. यंत्र सर्व थरांची मिळून जाडी सांगते, वरचा एकटा थर किती उरला ते सांगत नाही. ते कारागिराला अंदाजाने ओळखावे लागते. त्या कडेला त्याने चिकटपट्टी लावली आणि मदतनिसाला तेलुगूत बजावले की येथे यंत्र लावावयाचे नाही.

तेव्हा आम्ही जे विचारले, ते आमच्या अज्ञानाला शोभेसेच होते. ओरखडे भरून काढणारे औषध कोणते? तो हसला. "काका, रंगात भर घालणारं मशीन अजून निघालं नाही. हे सगळं काढायचंच काम आहे."

त्याचे म्हणणे असे. चरी म्हणजे थरात पडलेली दरी. ती बुजत नाही. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन तिच्या तळापर्यंत खाली आणावी लागते, तेव्हा ती दिसेनाशी होते. हलक्या पॉलिशने एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, जोरकस कंपाउंडने त्याहून अधिक. म्हणून गाडीच्या सबंध आयुष्यात असे काम फार थोड्या वेळा करता येते. जी चकाकी दिसते ती बाहेरून आणलेली नसते. साठ्यातून काढून दिलेली असते. काही ठिकाणी तेलकट मलम चोळून चऱ्या झाकतात. गाडी सुंदर दिसते, पैसे वसूल होतात आणि दोनचार धुण्यांनंतर जाळे पुन्हा उघडे पडते. हा मात्र प्रत्येक भाग झाल्यावर मद्यार्क-पाण्याचे मिश्रण फिरवून सारे तेल पुसून टाकी आणि मगच दिवा धरी. स्वतःच्या कामाची अशी परीक्षा घेणारा माणूस पाहिला की आम्हाला आदर वाटतो.

कामाला सुरुवात करताना त्याने प्रथम गाडीवर एक विशेष मातीचा गोळा फिरविला. पाण्याने जे निघत नाहीत असे, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि रंगात रुतलेली घाण त्या मातीला चिकटून येते. मग बॉनेटवर हातभर चौकोन आखून, सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहिले. त्याने भागले नाही, तेव्हा एक पायरी वर चढला. जुने वैद्य असेच करीत. मात्रा आधी लहान.

हवेशी त्याचे जे झगडे चालत ते पाहण्यासारखे होते. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो. अशा पत्र्यावर कंपाउंड पडताक्षणी वाळून त्याची पूड होते, रंग मऊ पडतो, आणि यंत्राच्या घर्षणाची उष्णता त्यात मिसळली की वरचा थर जळू शकतो. बंपर प्लॅस्टिकचे, ते उष्णता लवकर पसरवीत नाही, म्हणून तेथे धोका अधिक. त्यामुळे उन्हाळ्यात तो पहाटे काम सुरू करतो. पावसाळ्याच्या तऱ्हा निराळ्या. सकाळी हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. पॉलिश वेळेवर सुकत नाही, पॅड ओलसर होऊन जड पडतात, पुसलेल्या काचेवर पुन्हा वाफ धरते. कपाळावरचा घामाचा थेंब गाडीवर पडू नये म्हणून त्याने डोक्याला फडके घट्ट बांधले होते. शेवटी जो सिरॅमिकचा लेप देतात तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. म्हणून दमट दिवशी तो इतक्या लवकर धरतो की पुसावयास क्षणभर उशीर झाला तर डाग कायमचा उमटतो. तो लेप त्याने दोन दिवसांनी, हवा पाहून देण्याचे ठरविले.

या गोष्टी जुन्याच आहेत. ज्याच्या नावावरून आपल्याकडे फवाऱ्याने रंग देण्यालाच 'ड्यूको' म्हणू लागले, तो अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचा रंग १९२३-२४ च्या सुमारास आला. पूर्वी गाडी रंगवून वाळण्यास आठवडे लागत, ते काम त्याने तासांवर आणले. पण दमट हवेत तो मारला तर पांढुरका पडे, हे आमच्या गोव्यातील रंगारी नेहमी सांगत. त्या काळच्या गाडीला वरचा पारदर्शक थर नसे. अँबॅसडरला पॉलिश केले की फडक्यावर तिचा रंग उतरे, आणि मालकाला आपण काय गमावीत आहो ते दिसे. आजच्या गाडीचे फडके कितीही घासले तरी रंगत नाही. जे जाते ते दिसतच नाही, म्हणून हात थांबत नाही.

दुपारी यंत्रांचा आवाज जेवणापुरता थांबला. आम्ही त्या अर्ध्या झालेल्या बॉनेटकडे पाहत बसलो होतो. मध्ये चिकटपट्टीची रेघ. एका बाजूस जाळे, दुसऱ्या बाजूस नितळ निळे पाणी. मनात येत होते ते मात्र आमच्या घरच्या सहाणेविषयी. पिढ्यान् पिढ्या गंध उगाळून तिच्या मध्यभागी एक खळगा पडला आहे. चंदन झिजते असे आपण म्हणतो. सहाणही झिजते, हे कुणी म्हणत नाही. देवळातल्या जुन्या समयांवरची मोरांची पिसे आता बोटांनाही लागत नाहीत. ती कुणा द्वाड मुलाने खरवडली नाहीत, ती दर सणाला उजळणाऱ्या हातांनीच पुसून टाकली. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाली म्हणून २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तिचे संवर्धन करावे लागले. पंढरीच्या विठोबाच्या चरणांवर २०२० साली वज्रलेप द्यावा लागला, तो कुणी शत्रूने घाव घातला म्हणून नव्हे. लक्षावधी भक्तांनी प्रेमाने हात लावला, मस्तक टेकले, म्हणून. एकेका स्पर्शाने काय जाते? काहीच नाही. आणि ते 'काहीच नाही' शतकांनी मोजले की देवाचे पाय झिजतात. आजी म्हणत होती ते हेच. तिला मायक्रॉन ठाऊक नव्हता. म्हणून ती 'दुखतलें' म्हणे.

तेव्हा भक्तांनी पाय शिवू नयेत काय? समया काळ्या पडू द्याव्यात काय? तसे आम्ही म्हणत नाही. न पुसलेल्या पितळेलाही कळंक चढतो, आणि पक्ष्याची विष्ठा उन्हात गाडीवर तशीच राहिली तर रंगात कायमचा ठसा उमटतो. प्रश्न सेवा करावी की नाही हा नाहीच. ज्याची सेवा करावयाची त्याच्यावर काय बसले आहे, ते किती कठीण आहे आणि खालचे किती नाजूक आहे, हे हात फिरविण्यापूर्वी पाहिले काय, एवढाच आहे. आम्ही दोन वर्षांत ते एकदाही पाहिले नव्हते. आम्ही गाडी पुसत होतो ती गाडीसाठी नव्हे, हेही त्या खुर्चीवर बसल्या बसल्या ध्यानात आले. आम्ही पुसत होतो ते घरात आपलाही काही उपयोग आहे हे सिद्ध करण्यासाठी. त्या फडक्याला जोर होता तो त्याचा.

संध्याकाळी मुलगा परत आला. गाडी बाहेर काढली होती आणि पश्चिमेकडचे ढगाळ आभाळ तिच्यात उतरले होते. डाव्या दरवाज्यावरची ती लांब चरी मात्र कारागिराने काढली नव्हती. तिच्या कडा तेवढ्या मऊ केल्या होत्या. "नख अडकतं ती चरी काढायची नाही. ती काढायला गेलो तर सगळा थर जाईल. राहू द्या, उन्हापासून गाडी तर वाचंल." मग तो पुढे म्हणाला, "आणि साहेब, त्या पोऱ्याचं ध्यानात ठेवा. तुमच्या इमारतीतल्या आणखी दोन गाड्या माझ्याकडं येतात. त्या लोकांनाही सांगतो मी, त्याला हात लावू देऊ नका म्हणून."

आता आमच्या इमारतीत एक पोऱ्या खरोखरच आहे. रखवालदाराचा मुलगा, कॉलेजात जातो आणि सकाळी पाचसहा गाड्या धुऊन आपल्या पुस्तकांचा खर्च भागवितो. आमच्या गाडीला त्याने कधी बोट लावले नव्हते. आम्हीच लावू दिले नव्हते. मुलाचा चेहरा उतरला. खोटे बोलताना त्याला तो पोऱ्या आठवला नव्हता. त्याला फक्त बाप दिसत होता.

आम्ही खिशातून हात बाहेर काढला, अंगठी दाखविली आणि म्हटले की तो पोऱ्या म्हणजे आम्हीच.

कारागीर इतका ओशाळला की आम्हालाच त्याची दया आली. "काका, मी काहीबाही बोललो," असे तो पुनःपुन्हा म्हणू लागला. आम्ही त्याला सांगितले की तो बोलला त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, तेव्हा आता शिक्षा म्हणून त्याने आम्हाला गाडी कशी धुवावी ते शिकवावे. तेव्हा तो खुलला. कोरडे फडके कधीही नाही. आधी नुसत्या पाण्याची धार, म्हणजे धूळ हाताशिवाय निघून जाईल. दोन बादल्या: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळावयाचे साधे पाणी. सुरुवात वरून, शेवट खाली, कारण खालचा भाग सर्वांत मळका. त्याचा मोजाही वेगळा. वेळ ऊन चढण्यापूर्वीची. आणि शेवटी टिपून घ्यावयाचे, घासावयाचे नाही; कारण कूपनलिकेचे पाणी जड, थेंब वाळले तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. एक मऊ मायक्रोफायबरचे फडके त्याने आम्हाला भेट म्हणून दिले. "आणि काका, अंगठी काढून," तो हसत म्हणाला.

परतताना कुकटपल्लीच्या मेट्रो स्थानकाखाली गर्दीत गाडी बराच वेळ अडकली. आम्ही मुलाला विचारले की तुला हे केव्हा कळले होते? तो समोर पाहत म्हणाला, वर्ष झाले. मग बोलला का नाहीस? यावर तो पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि शेवटी घरच्या भाषेत म्हणाला, "बाबा, गाडी पुसतना तुमी गायताले."

हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही गातो, आणि चौथ्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने गातो, हे कुणी सांगितले नव्हते. हैदराबादेस आल्यापासून आम्ही घरात कधी गुणगुणलो नव्हतो म्हणे; फक्त खाली, गाडीपाशी. आमच्या सौभाग्यवतीलाही सारे माहीत होते. मुलाने तिला बजावून ठेवले होते, "बाबांक सांगूं नाका." दोन वर्षे आम्ही त्याची गाडी झिजवीत होतो आणि तो आमच्या गाण्यासाठी ती झिजू देत होता. पण वाचकहो, त्याच्या त्या मौनातही एक कोरडे फडके होतेच. त्याने एक शब्द पहिल्याच महिन्यात, हळू हाताने, उच्चारला असता, तर गाडीही वाचली असती आणि गाणेही. आमचा मान फार नाजूक आहे असे त्याने धरले होते. तो तसा होता काय, हे आम्ही आता प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवले, कुंकू लावले. कुंकू पत्र्यावर न लावता पुढच्या काचेवर लावले आणि संध्याकाळी पाण्याने उतरविले, एवढा फरक. नंतर घरी गोव्याला आलो तेव्हा देवघरातील मुखवटा पुसावयास घेतला. प्रथम तो कोमट पाण्यात बुडविला, मग बोटांनीच वरची साय उतरविली. राखेच्या डब्याला हात लावला नाही. पूर्वीइतका तो लखलखला नाही, पण नाकाची रेघ अजून शाबूत आहे हे प्रथमच नीट पाहिले.

कुकटपल्लीला असलो की आता दर रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघे खाली उतरतो, दोन बादल्या घेऊन. एरवीच्या दिवशी गाडीवर धूळ असते आणि ती तशीच असू देतो. धार मुलगा धरतो. वरचा भाग त्याचा, खालचा आमचा. वाकणे आम्हाला जड जाते, म्हणून एक लहान पाट नेतो आणि त्यावर बसतो. डाव्या दरवाज्यापाशी आले की ती चरी हाताला लागते. तेथे हात आपोआप हलका होतो. रखवालदाराचा मुलगा पलीकडे आपल्या गाड्या धूत असतो. त्यालाही दोन बादल्यांची रीत दाखविली आहे. गाणे पूर्वीसारखे मोठ्याने होत नाही, कारण मुलगा शेजारी असतो आणि आम्ही बोलत असतो.